चिप आली, रकाने कोरेच

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिममध्ये गाई-म्हशींसाठीच्या ‘गौचिप’ आणि ‘महिषचिप’ या जनुकीय चिपचे लोकार्पण झाले. रेडकू जन्मले की रक्ताच्या नमुन्यावरून त्याचे पैदासमूल्य काढायचे, हा हेतू. दुधाच्या जोडीने दगडीला, म्हणजे कासदाहाला, दाद न देणारे वाणही निवडता आले, तर कोणत्या पशुवैद्यकाला नको आहे?

पण चिप जनुकांतले फरक तेवढे दाखवते. त्यातला कोणता फरक कास वाचवतो, हे गोठ्यातल्या नोंदींवरूनच कळते. कासदाहाची आनुवंशिकता कमी, त्यामुळे एका रेड्याची पारख व्हायला त्याच्या शेकडो लेकींच्या नोंदी लागतात. नॉर्वेने १९७५ पासून गाईंची आरोग्यपत्रके ठेवली आणि १९७८ मध्ये कासदाह पैदास निर्देशांकात घेतला. तेव्हा चिप नव्हती, पत्रक होते.

इथे उलटे आहे. १ जून २०२४ पासून राज्यात जनावराच्या कानात बिल्ला नसेल तर सरकारी दवाखान्यात उपचार नाही, बाजारात खरेदी-विक्री नाही. कोल्हापूरकडच्या करवीर, कागल, पन्हाळ्याच्या गोठ्यांत बिल्ले टोचले गेले. नोंदवहीत मात्र बिल्ल्याच्या बारा आकड्यांपुढे मजकूर एवढाच: ‘कासदाह. प्रतिजैविक दिले.’ सड कोणता? वेत कितवे? विऊन किती दिवस झाले? सीएमटी, म्हणजे कासदाहाची गोठ्यातली चाचणी, केली का? जंतू स्टॅफिलोकोकस की ई-कोलाय? रकाने कोरे. म्हशीचा बाप कोण, तेही कोरे. गळलेला बिल्ला बदलताना जुना क्रमांक जोडायचा राहिला, की चौथ्या वेताची म्हैस संगणकाला काल जन्मलेली वाटते. बिल्ला दवाखान्याचा गेटपास झाला. जनावराचा इतिहास काही झाला नाही.

नोंदणीच्या अ‍ॅपला रेंज नाही, ही वाचकांची तक्रार खरी आहे. रात्री अकराला गोठ्यात उभे राहून कोण भरणार? पण वही-पेनाला रेंज लागत नाही, आणि व्यवसायबंधूंच्या वह्याही त्याच ओळीवर थांबलेल्या दिसतात. संकलन केंद्रे फॅट आणि एसएनएफवर दर देतात, कासदाहात दुधात वाढणाऱ्या सोमॅटिक पेशी कोणी मोजायला सांगत नाही. मग सुप्त कासदाह कोणाच्याच हिशेबात येत नाही.

गंगावेशीत म्हशीच्या धारेखाली पेला धरणाऱ्या कोल्हापूरकरांना पंढरपुरी म्हशीचे मोल सांगायला नको. तिच्या नोंदी बाहेरचे कोणी येऊन करणार नाही.

पुढील अंकासोबत एक पानी तक्ता येईल: बिल्ला, जुना बिल्ला, बाप, वेत, सड, सीएमटी, जंतू, औषध. प्रत्येक वर्गणीदाराने महिन्यात किमान दहा म्हशींचा तक्ता भरून पाठवावा. ‘उपचार केला’ एवढेच लिहिलेला तक्ता परत केला जाईल.