वेष्टनावरचा वैद्य

ऊसतोडीस गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी जिल्ह्यात परतली, की आमच्या दवाखान्यांत गर्दी होते. अलीकडे या गर्दीत एक नवीच रीत दिसते. रुग्ण पिशवीतून डबा अथवा बाटली काढतो व विचारतो, "डॉक्टरसाहेब, यावर लिहिलंय ते खरं हाय का?" विचारणारा भेटला तर ठीक. केज तालुक्यातील एक गृहस्थ न विचारताच जांभूळ-कारल्याचा रस घेत राहिले आणि मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या. पायाची जखम चिघळल्यावर ते आमच्याकडे आले. बाटलीवर ठळक अक्षरांत 'शर्करा नियंत्रणात' असे होते. खाली चौदा अंकी क्रमांक होता, तो मात्र अन्न परवान्याचा. म्हणजे कायद्याच्या लेखी ते सरबताचेच भावंड!

वस्तुतः कायदा अपुरा आहे असे आम्हांस वाटत नाही. आयुर्वेदिक औषधास 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. अन्नपदार्थ 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली येतो, आणि जाहिराती व दाव्यांसंबंधीच्या 2018 च्या विनियमांनी विशेष अनुज्ञा असल्याखेरीज अन्नाने रोग बरा होतो असे म्हणण्यास मनाई केली आहे. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आहे, आणि तेथे जाहिरात या संज्ञेत लेबल व वेष्टनही मोडते. तरीही उत्पादक मधली वाट काढतात. 'रोग बरा होतो' असे न लिहिता 'नियंत्रणात', 'संतुलन', 'कवच' असे लिहावयाचे, बाजूस खलबत्त्याचे चित्र छापावयाचे; उरलेले काम ग्राहकाची श्रद्धा करते.

आमच्या व्यवसायातील काही मंडळी अशा नियमनास आयुर्वेदावरील आक्रमण समजतात. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराच्या विचारासाठी आठ आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. वेष्टनास यांपैकी फार तर पहिली तीन-चार ठाऊक असतात. उपयोक्ता कोण, त्याचा अग्नी कसा, तो आधीच कोणत्या गोळ्या घेतो, हे छापखान्यास कसे कळणार? सर्वांस, सर्व काळी, सारखाच गुण देणारा पदार्थ आपल्या शास्त्रास मान्यच नाही. तेव्हा सरसकट दाव्यास पहिला विरोध आपणच करावयास हवा होता.

2022 मध्ये 'आयुर्वेद आहार' विनियम आले. औषधे त्यातून वगळली आहेत, दोन वर्षांखालील बालकांसाठी हे पदार्थ नाहीत आणि ते केवळ आहारार्थ असल्याचे लेबलवर लिहिणे बंधनकारक आहे. हे योग्यच झाले. शंका एवढीच, की बारीक अक्षरांतील सूचना वाचतो कोण? जलसंजीवनीचे उदाहरण ताजे आहे. साखरेच्या पेयांच्या नावांत 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास 2022 मध्ये 'हे ओआरएस नव्हे' अशा खुलाशासह मुभा मिळाली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कोठे ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ती मुभा काढून घेतली. जुलाबाने सुकलेल्या लेकराची आई नाव वाचते, खुलासा नव्हे. कोप्यांवर राहणाऱ्या आपल्या माणसांची गोष्ट तर याहून वेगळी. त्यांतील कित्येकांस दुकानदार सांगेल तेच लेबल.

म्हणूनच औषध दुकानांच्या मालक बंधूंशी थोडे स्पष्ट बोलतो. 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द व औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असलेली बाटली एका फळीवर, अन्न परवान्याची दुसऱ्या फळीवर, एवढे तरी आपल्या हाती आहे. अन्नाच्या बाटलीवर रोगाचे नाव दिसले तर माल परत करावा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयास लेखी कळवावे. वैद्यांनीही कमिशनपोटी असे रस चिठ्ठीवर लिहिणे सोडावे. हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु ते घडते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

त्या गृहस्थांचे एक बोट काढावे लागले. ती बाटली आम्ही मागून घेतली. ती आमच्या कपाटात आहे. त्यानंतर पंधरवड्यातच त्या रसाचा विक्री प्रतिनिधी आमच्याकडे नवी योजना घेऊन आला होता : दहा बाटल्यांवर दोन मोफत.