नाव घेतलंत, आता सांभाळणार कोण?

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या मुलांच्या एका वसतिगृहासाठी मी फुकटात एक छोटं ॲप करून दिलं होतं. हजेरी, मेसचा हिशेब आणि वर हिजरी तारीख. रमजानच्या पहिल्या दिवसापासून दूध जास्त लागतं, म्हणून त्या तारखेवरून दूधवाल्याला आपोआप मेसेज जाईल अशी सोयही केली होती. मला मोठा अभिमान होता त्या सोयीचा.

त्या वर्षी दूध एक दिवस आधी आलं. पहाटे वीस लिटर जादा. स्वयंपाकघरातले चाचा फोनवर एवढंच म्हणाले, "बेटा, चांद तुझ्या मोबाइलात उगवला वाटतं."

तारीख मी स्वतः काढत नव्हतो. कोणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं एक मॉड्यूल घेतलं होतं. नावात 'हिजरी' होतं, मला हिजरी हवं होतं, विषय संपला. दूध नासल्यावर कोड उघडून वाचला, तेव्हा कळलं की आत सौदी अरेबियाच्या उम्मुल कुरा कॅलेंडरचा तक्ता आहे. आपल्याकडे महिना चंद्रदर्शनावर सुरू होतो आणि बहुतेक वेळा सौदीच्या एक दिवस मागे असतो. कोड चुकलेला नव्हता. नाव अर्धवट होतं.

हिजरी तारीख काढायच्या पद्धती अनेक आहेत. एक गणिती पद्धत तीस वर्षांचं चक्र धरते आणि त्यातल्या अकरा वर्षांना ३५४ ऐवजी ३५५ दिवस देते. उम्मुल कुराचा हिशेब वेगळा. प्रत्यक्ष चंद्रदर्शन तर कुठल्याच सूत्रात बसत नाही. जावास्क्रिप्टमध्ये म्हणूनच 'इस्लामिक-उमलकुरा', 'इस्लामिक-सिव्हिल', 'इस्लामिक-टीबीएलए' अशी वेगवेगळी नावं आहेत. शेवटच्या दोन्ही गणितीच, पण एकीत पहिला दिवस शुक्रवार धरलाय, दुसरीत गुरुवार. एका दिवसाच्या फरकासाठी वेगळं नाव! कॉलेजात हे वाचलं असतं तर मी हसलो असतो. वीस लिटर दुधानंतर हसू येत नाही.

आता माझी खरी चूक सांगतो. त्या मॉड्यूलच्या लेखकाला मी प्रश्न पाठवला. आधीच कितीतरी प्रश्न अनुत्तरित पडले होते, शेवटचा बदल काही वर्षांपूर्वीचा. मग आपण सगळे करतो तेच मी केलं. जुनं दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता स्वतःचं नवं मॉड्यूल लिहिलं, त्याला छान, छोटं, सहज सापडेल असं नाव दिलं, मित्रांकडून शाबासकी घेतली. पुढे नोकरी बदलली, लग्न झालं, मुलगी झाली. परवा सहज तिथे डोकावलो तर अकरा महिन्यांपूर्वीचा एक प्रश्न वाट पाहत होता: 'हे अजून कोणी सांभाळतं का?' म्हणजे ज्याच्यावर मी चिडलो होतो, तोच माणूस मी झालो होतो. वर एक चांगलं नावही अडवून बसलो होतो.

नावाचं हे प्रकरण किती टोकाला जाऊ शकतं ते २०१६ मध्ये जगाने पाहिलं. जावास्क्रिप्टची मॉड्यूल जिथे ठेवली जातात त्या एनपीएमवर आझेर कोचुलू या प्रोग्रामरचं 'किक' नावाचं मॉड्यूल होतं. त्याच नावाच्या मेसेजिंग कंपनीने नाव मागितलं, त्याने नकार दिला, एनपीएमने नाव कंपनीला देऊन टाकलं. संतापून त्याने आपली अडीचशेहून अधिक मॉड्यूल काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' होतं: ओळीच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणारा, अकरा ओळींचा कोड. त्यावर हजारो प्रकल्प उभे होते, ते जगभर अडले. एनपीएमला तो कोड त्याच दिवशी परत आणून ठेवावा लागला आणि पुढे मॉड्यूल काढून घेण्याचे नियम कडक करावे लागले. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात. नाव हिसकावणं गैर होतं, पण हजारो लोक ज्या भिंतीला टेकलेत ती आपण बांधली म्हणून रागाने पाडणंही गैरच.

याबाबतीत पर्ल भाषेची जुनी मंडळी मला शहाणी वाटतात. १९९५ पासून चालू असलेल्या त्यांच्या 'सीपॅन' या साठ्यात नाव आधी येईल त्याचं, पण सांभाळणारा गायब झाला तर वाट ठरलेली आहे. आधी त्याच्याशी संपर्काचा प्रयत्न करायचा, मग जाहीरपणे सांगायचं, थांबायचं, आणि तरी उत्तर नाही आलं तर व्यवस्थापकांकडे हक्क मागायचा. ज्याला जमत नाही तो आपलं मॉड्यूल 'ॲडॉप्टमी' या खात्याच्या नावे करू शकतो. मला दत्तक घ्या, इतका सरळ अर्थ. थट्टेच्या मॉड्यूलसाठी 'ॲक्मी' हे वेगळं आडनावसुद्धा आहे, म्हणजे चांगली नावं थट्टेत वाया जात नाहीत. तिथेच मोहम्मद साजिद अन्वर यांची 'कॅलेंडर::हिजरी' आणि 'कॅलेंडर::सका' अशी दोन मॉड्यूल आहेत. हिजरी आणि शक, दोन्ही एकाच माणसाने सांभाळलेली. मला ही जोडी फार आवडते.

पण दत्तक देणंही डोळे मिटून करायची गोष्ट नाही. एक्सझेड हे फाइल लहान करणारं साधन लासे कॉलिन हा फिनलंडचा प्रोग्रामर बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता, तसं त्याने लिहिलंही होतं. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोन वर्षं नीट मदत केली, विश्वास मिळवला, हक्क मिळवले आणि आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंडला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय अशी शंका आली, म्हणून ते पकडलं गेलं. यातून काही जण सांगतात की अनोळखी माणसाला हक्क देऊच नका. मला उलट वाटतं. तो माणूस एकटा नसता, आधीपासून चार ओळखीचे हात सोबत असते, तर एवढा दबाव त्याच्यावर आलाच नसता.

ते चार हात तुमचे का नसावेत? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तुमच्यातले कितीतरी जण 'नमाज वेळ', 'किबला', 'हिजरी' असं काहीतरी बनवतात. गुण मिळतात, प्रकल्प तिथेच मरतो, नाव मात्र अडकून राहतं. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला स्वतःचं काहीतरी हवं असतं, हे मलाही कळतं. मीही मुलाखती घेतो. दहावं नवं हिजरी मॉड्यूल दाखवणाऱ्यापेक्षा, दुसऱ्याच्या मॉड्यूलमधली दोन वर्षं पडून असलेली चूक शोधून, चाचणी लिहून, नम्रपणे पाठवणारी मुलगी मला जास्त कामाची वाटते. तिला दुसऱ्याचा कोड वाचता येतो. आमच्या कामाचा मोठा भाग तोच आहे.

वसतिगृहाचं ॲप आता पहिला रोजा स्वतः ठरवत नाही. रात्री चांदची बातमी आली की चाचा एक बटण दाबतात, मगच दूधवाल्याला मेसेज जातो. अकरा महिने थांबलेल्या त्या प्रश्नाखालीही मी उत्तर लिहिलं आहे: नाही, सध्या कोणी सांभाळत नाही. माहितीपानावर पहिल्याच ओळीत आत कुठलं गणित आहे ते टाकलं. मॉड्यूल घ्यायची इच्छा असेल त्याने आधी कोड वाचून एक दुरुस्ती पाठवावी. मग आणखी एक. सहा महिने आपण दोघं मिळून सांभाळू, त्यानंतर नाव तुमचं.