औषधाची कसोटी कोणाच्या देहावर?

औषधाच्या गोळीला प्रांत नसतो, पंथ नसतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. गोळीला तो नसेलही. पण ती ज्या देहात उतरते त्या देहाला स्वतःचा इतिहास असतो. पूर्वजांनी कोणते अन्न खाल्ले, किती दुष्काळ सोसले, कोणत्या हवापाण्यात त्यांच्या पिढ्या वाढल्या, याची नोंद त्या देहात कोठेतरी असतेच. म्हणून एखादे औषध गुणकारी आणि निर्धोक असल्याचे प्रमाणपत्र मिळते, तेव्हा सुज्ञ समाजाने विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की ही कसोटी कोणाच्या देहावर घेतली गेली?

प्रगत म्हणविणाऱ्या देशांनीही हा प्रश्न उशिराच विचारला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ साली, गर्भधारणा होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधचाचण्यांच्या प्रारंभिक टप्प्यांतून वगळण्याचे धोरण स्वीकारले. हेतू गर्भरक्षणाचा होता आणि तो प्रामाणिक होता. परंतु त्यामुळे अनेक औषधांची प्राथमिक पारख प्रामुख्याने पुरुषांवरच होत राहिली. १९९३ साली हे धोरण बदलण्यात आले. तरीही झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची मात्रा निम्म्यावर आणण्यास २०१३ साल उजाडावे लागले. स्त्रीच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते आणि सकाळी वाहन चालविताना त्याचा अंमल शिल्लक राहू शकतो, ही गोष्ट ते बाजारात येऊन दोन दशके लोटल्यावर व्यवहारात उतरली.

मोजपट्टी परक्याची, माप आपले

भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न किती मूलभूत आहे, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्यावरून कळते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पाश्चात्त्य कोष्टकाप्रमाणे दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या ठायी २१.२ टक्के! ज्या मोजपट्टीने इंग्रज निरोगी ठरतो, त्याच मोजपट्टीने भारतीयाचा धोका झाकला जातो, ही गोष्ट या दोन देहांनी दाखवून दिली.

हे केवळ एका वैद्याचे वैशिष्ट्य नव्हते. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास आढळले. इंग्लंडमधील बालकांपेक्षा ही बाळे बरीच हलकी. पण स्नायू कमी असूनही त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. मधुमेहाचे बीज मातेच्या पोषणात आणि गर्भावस्थेत शोधावे लागते, हा विचार जगापुढे भक्कमपणे मांडण्यात या खेड्यांचा वाटा मोठा आहे. त्या बाळांच्या तारुण्यापर्यंत संशोधकांनी त्यांचा मागोवा घेतला आणि कुटुंबे टिकून राहिली, ही या अभ्यासातील सर्वांत बोलकी बाब म्हटली पाहिजे. सुगी असो वा अवर्षण, घरातली मंडळी तपासणीला येत राहतात, ती कोणत्याही आमिषाने नव्हे. वर्षानुवर्षे राखलेल्या नात्याचे ते फळ असते.

खम्ममचा धडा

नाते न जोडता संख्या गोळा करावयास निघाले म्हणजे काय होते, याचाही अनुभव या देशाने घेतला आहे. २००९ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प हाती घेण्यात आला. खम्ममच्या सुमारे १४ हजार आणि वडोदऱ्याच्या सुमारे १० हजार मुलींना लस देण्यात आली. त्यांत वसतिगृहांत राहणाऱ्या वनवासी मुली बऱ्याच होत्या. पुढे संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात नोंदविले, की तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर केवळ अंगठे. आईबाप दूर पाड्यावर, आणि लेकीच्या देहाविषयीचा निर्णय घेणार अधीक्षक!

प्रकल्पाच्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले. लशीशी त्यांचा संबंध नसल्याचा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. तोपर्यंत, एप्रिल २०१० मध्येच, प्रकल्प स्थगित झाला होता आणि विश्वासाला तडा गेला होता. वास्तविक लस दोषी नव्हती, दोष रीतीचा होता. पण त्या रीतीमुळे लशीविषयीचा संशय दीर्घकाळ रेंगाळला. या कर्करोगाने भारतात वर्षाला सत्तर हजारांहून अधिक स्त्रिया दगावतात, हे ध्यानी घेतले म्हणजे एका खोट्या संमतीचे मोल किती जबर असते, ते कळेल.

उंबरठ्यापाशी थांबलेले संशोधन

याच्या अगदी उलट चित्र गडचिरोलीत दिसते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी करून १९८९ साली प्रसिद्ध केले, की त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आहे. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. जे दुखणे बाईने सासूला सांगितले नाही, नवऱ्याला सांगितले नाही, ते संशोधनाच्या कागदावर आले. कारण विचारणारी स्त्री होती आणि ऐकून घेण्याची तिची तयारी होती. पुढे बालमृत्यूंचा प्रश्न आला, तेव्हा गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविण्यात आले. ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापले. २०११ साली घरोघरी नवजात बालसेवेची हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारण्यात आली. ज्यांच्या अंगणात प्रयोग झाला, त्यांच्याच पाळण्यात त्याचे फळ प्रथम पडले.

अमेरिकेतील अनुभवही याला दुजोरा देतो. अलाबामातील टस्कगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंशाने ग्रासलेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवून त्यांचे केवळ निरीक्षण करण्यात आले. या कलंकानंतर कृष्णवर्णीय समाज संशोधनापासून बिचकला, तर त्यात नवल ते काय? त्याच समाजात लॉस एंजलिसच्या संशोधकांनी केशकर्तनालयांतून प्रवेश केला. ५२ दुकाने, ३१९ गिऱ्हाईके. नेहमीचा कारागीर ओळख करून देई आणि औषधतज्ज्ञ तेथेच रक्तदाब मोजून उपचार ठरवी. सहा महिन्यांत या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. केवळ सल्ला मिळालेल्या गटाचा ९ अंकांनी. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोक येत नाहीत, ही तक्रार बहुधा त्यांच्या दारी न गेलेल्यांचीच असते.

विविधता म्हणजे भेद नव्हे

समाजाच्या जनुकीय वैविध्याची चर्चा केल्याने भेदांना खतपाणी मिळेल, अशी शंका काही मंडळी घेतात. ती निराधार आहे. एकाच आईच्या दोन लेकरांची प्रकृती भिन्न असते. ती ओळखून आई पथ्य ठरविते, म्हणून घर फुटत नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ८३ समुदायांतील सुमारे १० हजार व्यक्तींची जनुकीय माहिती संकलित केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाली, हे स्वागतार्ह पाऊल होय. परंतु जनुकांची नोंद ही केवळ पायरी आहे. औषधचाचण्या आजही बहुतांशी मोठ्या शहरांतील रुग्णालयांभोवती फिरतात. सिकलसेलने गांजलेला विदर्भातील वा नंदुरबारचा रुग्ण तेथवर पोहोचणार कसा?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने अमेरिका, ब्रिटन, जपान आदी देशांत मान्यता मिळालेल्या काही विशिष्ट वर्गांतील औषधांना येथील चाचणीतून सूट देण्याचा मार्ग मोकळा केला. दुर्मीळ व्याधींच्या रुग्णांना औषध लवकर मिळावे, या हेतूला कोणी नावे ठेवणार नाही. मात्र आधीची कसोटी टळत असेल, तर औषध विक्रीस आल्यानंतरची पाहणी अधिक कसोशीने आणि अधिक व्यापक समाजात व्हावयास हवी. अन्यथा मोजपट्टी परक्याची आणि अनुभव आपल्या रुग्णाचा, हा जुनाच प्रकार नव्या रूपाने चालू राहील.

यासाठी करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. संमतिपत्र गोंडी, कोरकू, भिली अशा त्या त्या बोलीत समजावून सांगावे. महिला बचत गट, भजनी मंडळे, ग्रामसभा यांनी माहिती पोहोचवावी. पण संमती गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नये, कारण चारचौघांत नकार देणे कठीण असते. पंचांचा होकार हा व्यक्तीच्या होकाराला पर्याय नव्हे. २०१९ च्या नियमांनुसार इजा झाल्यास मिळणारे उपचार आणि भरपाई यांची माहिती प्रारंभीच द्यावी. आणि अभ्यास संपल्यावर निष्कर्ष सांगावयास संशोधकाने पुन्हा त्या गावात जावे.

संशोधनासाठी देह पुढे करणे हे एक प्रकारचे दानच आहे. दान मागणाऱ्याने दात्याच्या दारी नम्रतेने जावे, त्याचा नकारही आदराने स्वीकारावा आणि दिलेल्या दानाचा हिशेब त्याला द्यावा. जे संशोधन एवढे पाळील, त्याला या देशात माणसांची उणीव कधी भासणार नाही.