झाडी, डोंगार आणि आपले हसू

मराठी निसर्गकाव्याची परंपरा बालकवींनंतर क्षीण झाली, अशी खंत आमचे समीक्षक अधूनमधून व्यक्त करीत असतात. ती निराधार असल्याचे जून २०२२ मध्ये सिद्ध झाले. सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीच्या आलिशान हॉटेलातून आपल्या कार्यकर्त्याशी केलेले फोनवरील संभाषण महाराष्ट्रभर पसरले, आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे उद्गार शाळकरी पोरापासून पेन्शनरापर्यंत सर्वांच्या तोंडी झाले. त्यावर गाणी निघाली, नाच झाले. अभ्यासक्रमात न नेमताही एखादे वाक्य अवघ्या राज्याला पाठ होते, हे पाहून भाषेच्या शिक्षकांनी अंतर्मुख व्हावे.

कालिदासाचा यक्षही असाच घरापासून दूर, डोंगरावर राहिला होता. तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे परंपरा सांगते. फरक इतकाच, की कर्तव्यात कसूर केल्याबद्दल यक्षाला वर्षभराची हद्दपारी भोगावी लागली. आमच्या यक्षांची हद्दपारी दहा दिवसांतच आटोपली. २० जूनला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्याच रात्री मंडळी सुरतेला निघाली; तेथून गुवाहाटी, मग गोवा. ३० जूनला मुंबईत नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. मेघाकरवी निरोप धाडण्याची कोणास गरजच पडली नाही. दुसरे असे, की अलकानगरीचे सिंहासन परतलेल्या यक्षाला मिळाल्याचे कालिदासाने कोठेही लिहिलेले नाही.

या प्रवासाकडे सरकारी कारकुनाने कोणत्या नजरेने पाहिले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्या बिचाऱ्याला रजेवर गावी जायचे तर अर्ज करावा लागतो, मुख्यालय सोडण्याची परवानगी मागावी लागते, आणि रजेच्या काळातील पत्ताही कळवावा लागतो. तो न सांगता दोन दिवस गैरहजर राहिला, तर तिसऱ्या दिवशी टेबलावर खुलासा मागणारा कागद येऊन पडतो. मात्र लाखो मतदारांचा प्रतिनिधी रातोरात मुख्यालयच काय, राज्यही सोडू शकतो, आणि परत येऊन सांगू शकतो, की आपण गेलो होतो ते तत्त्वासाठी!

एका पक्षाला झोडपून दुसऱ्याची आरती ओवाळावी, असा आमचा हेतू नाही. या तीर्थाटनाचे पुण्य सर्वांनीच गाठीशी बांधले आहे. १९६७ मध्ये हरियाणाच्या गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलून राष्ट्राला ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग दिला. २००२ मध्ये विलासराव देशमुखांचे सरकार वाचवण्यासाठी काँग्रेसने आपले आमदार बंगळुरास नेले. २०१९ मध्ये कर्नाटकातील असंतुष्टांचे यजमानपद तर आपल्या मुंबईनेच भूषविले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये झाला, त्यातील एकतृतीयांश फुटीची पळवाट २००३ मध्ये बुजवली गेली. परंतु कायद्याने दार लावले, की राजकारणी खिडकीचे माप घेऊ लागतो.

पुढे या प्रकरणाच्या उत्तरपत्रिका तपासल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश असमर्थनीय ठरवला; पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिलेला असल्याने त्यांना पुन्हा पदावर बसवता येत नाही, असेही सांगितले. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ रोजी निकाल लागला. दोन्ही गटांतील एकही विद्यार्थी नापास झाला नाही! आठवीपर्यंत कोणास नापास करू नये, हे धोरण प्राथमिक शाळांना मानवले की नाही, याविषयी शिक्षकांत मतभेद आहेत. विधिमंडळाला ते उत्तम मानवले, याविषयी मात्र कोणाचे दुमत असू नये.

आमची तक्रार शहाजीबापूंविषयी नाही. सांगोला हा दुष्काळी माणदेशातला तालुका. पावसाची वाट पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाला हिरवा डोंगर पाहून भरते आले, तर ते खरेच असणार. शिवाय शहरी मंडळी ‘डोंगार’ आणि ‘हाटील’ या उच्चारांना जितकी हसली, तितकी त्या हाटिलाचे बिल कोण भरतो आहे या प्रश्नाने अस्वस्थ झाली नाहीत. त्याच जूनमध्ये आसामात महापूर होता. बराक खोऱ्यातले सिलचर शहर पाण्याखाली गेले होते. झाडी आणि डोंगार आपल्याला ऐकू आले, पाणी ऐकू आले नाही.

तक्रार असलीच तर ती आपल्या हसण्याविषयी आहे. विनोद हे दुबळ्याचे शस्त्र आहे असे म्हणतात, आणि ते खरेही आहे; पण शस्त्राचे खेळणे झाले, की ज्याच्यावर ते उगारायचे तोच टाळ्या वाजवू लागतो. ज्या वाक्याने पुढाऱ्याची झोप उडायला हवी होती, त्याच वाक्याने तो घराघरांत लोकप्रिय झाला. संताप यावा अशा जागी आपण हसलो, आणि हसून झाल्यावर संतापायचे राहून गेले.

याच सांगोल्याने शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले. एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीत त्यांनी पक्ष बदलला नाही, आणि एस.टी.तून प्रवास करणारा आमदार अशी त्यांची ख्याती होती. २०२१ मध्ये ते गेले. २०२४ च्या तिरंगी लढतीत सांगोल्याने शहाजीबापूंना घरी बसवून गणपतरावांच्या नातवाला निवडून दिले. एका निकालावरून फार मोठे तात्पर्य काढू नये, हे आम्ही जाणतो. पण गणपतरावांच्या एस.टी.वर कोणी गाणे रचल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि ते का रचले गेले नाही, याचे उत्तर पुढाऱ्यांनी नव्हे, तुम्ही-आम्ही द्यायचे आहे.