अडगळीतला संगणक आणि आजीची गाणी

तुमच्या शाळेत एखादी कुलूपबंद खोली आहे का? मोडकी बाके, फाटलेले नकाशे आणि त्यांच्या मागे धूळ खात पडलेले चार-सहा संगणक असलेली? हे संगणक ‘निकामी’ म्हणून तेथे ठेवलेले असतात. एके दिवशी भंगारवाला येतो आणि ते किलोच्या भावाने घेऊन जातो. माझे म्हणणे असे की, त्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी या संगणकांची एकदा नीट परीक्षा घ्यावी.

संगणक निकामी झाला म्हणजे त्याचे सगळेच भाग निकामी होत नाहीत. एकाचा वीजपुरवठा जळालेला असतो, दुसऱ्याचा मदरबोर्ड गेलेला असतो, तिसरा नुसता मंद झालेला असतो. नवे खेळ आणि नव्या आज्ञावली त्याला झेपत नाहीत, एवढाच त्याचा गुन्हा. पण माहिती साठवून ठेवणे आणि कोणी मागितली की देणे, या कामाला वेगवान संगणक लागत नाही. तीन मोडक्या संगणकांतून एक धडका संगणक आणि दोन हार्ड डिस्क मिळाल्या, तर त्यातून साठवणघर उभे राहते.

ही कल्पना हास्यास्पद वाटते का? १९९६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे विद्यार्थी होते. त्यांनी ४ गिगाबाइटच्या १० डिस्क जोडल्या आणि त्यांची पेटी मुलांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांनी बनवली. त्या प्रयोगातून पुढे गूगल जन्माला आले. आपल्या पुण्यातही १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्याचे सामर्थ्य एका प्रचंड प्रोसेसरात नव्हते. बाजारात मिळणारे अनेक छोटे प्रोसेसर कौशल्याने जोडण्यात ते होते.

आता विचाराल, ‘साठवायचे काय?’ नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलांनी तरी हा प्रश्न विचारू नये! तुमच्या घरांत पावरी, भिलोरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा भाषा बोलल्या जातात. होळीची गाणी, लग्नातली गाणी, रानातल्या औषधी झाडांची नावे, पेरणीचे अंदाज हे सारे ज्ञान आजी-आजोबांच्या तोंडी आहे. पुस्तकांत त्यातले फार थोडे उतरले आहे. काठीच्या होळीला शेकडो मोबाइल चित्रण करतात. पुढच्या वर्षी मोबाइल पाण्यात पडतो, फुटतो किंवा जागा भरली म्हणून चित्रण पुसले जाते. आजीचे गाणे आजीबरोबरच जाते.

थोडे गणित करू. साध्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे ५८ मेगाबाइट जागा लागते. जुन्या ५०० गिगाबाइटच्या एका डिस्कवर साडेआठ हजार तासांहून अधिक मुद्रण मावेल. अहोरात्र ऐकत बसलात तरी जवळजवळ वर्ष लागेल!

‘इंटरनेटवर ठेवले की झाले’ असे काही जण म्हणतील. तेही अवश्य ठेवा. पण फुकट जागा मर्यादित असते आणि सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. शाळेतले साठवणघर मात्र इंटरनेटशिवाय चालते. एका साध्या राउटरला ते जोडले की वर्गातले सर्वजण आपापल्या ठिकाणाहून ती गाणी ऐकू शकतात. त्यासाठी लागणारी लिनक्स प्रणाली आणि साम्बा ही आज्ञावली, दोन्ही विनामूल्य मिळतात.

काम करताना काही गोष्टी सांभाळा. वीजपुरवठ्याची पेटी कधीही उघडू नका. बटण बंद केल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरांत घातक विद्युतभार राहू शकतो. हार्ड डिस्कही उघडू नका. तिची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्या हजारांश भागापेक्षाही कमी अंतरावर तरंगते. धुळीचा एक कण तेथे डोंगर ठरतो. जुन्या डिस्कवर कोणाची खाजगी माहिती असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली ती पूर्ण पुसून घ्या. डिस्कची प्रकृती तपासणारी आज्ञावली चालवा आणि दुखणाईत डिस्क बाजूला काढा.

एक धडा मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. मी दोन डिस्क अशा जोडल्या होत्या की, एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटावे. एक डिस्क बिघडली तरी दुसरी आहे, म्हणून मी निश्चिंत होतो. एके दिवशी चुकून मीच छायाचित्रांचा एक संग्रह पुसला. आरशाने आपले काम चोख केले; दुसऱ्या डिस्कवरूनही तो त्याच क्षणी पुसला गेला! आरसा म्हणजे वेगळी प्रत नव्हे. खरी दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत आणि एरवी न जोडलेली असावी.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी तुमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्या आधारची माहिती बंगळूर आणि मानेसर अशा एकमेकांपासून दूर असलेल्या केंद्रांत सांभाळली जाते. मोठ्यांचा हा नियम शाळेनेही पाळावा. एक प्रत शाळेत, तर दुसरी शेजारच्या गावच्या शाळेत ठेवावी.

विजेच्या खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. ६० वॅटचा जुना संगणक दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज खातो. रोज दोनच तास चालवला, तर चार युनिटही लागत नाहीत. तेव्हा गरजेपुरताच चालवावा. वीज अचानक गेली तर डिस्कवरचे लिखाण बिघडते, म्हणून छोटा यूपीएस जोडावा. जे भाग खरोखर निकामी आहेत, ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावेत. तारा जाळून तांबे काढण्याचा उद्योग कोणी करू नये. त्या धुरात विष असते.

शिक्षकांना माझी विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी मांडण्याऐवजी एकदा हे साठवणघर मांडून पाहा. आणि मित्रांनो, यंत्र तयार होईपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळीच आजीजवळ बसा. तिची परवानगी घ्या, गाणे मुद्रित करा. तिचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. डिस्क उद्याही मिळेल.