घरचा डीबगर : स्पीकर बिचारा निर्दोष होता

जुन्या गाडीत नवा रेडिओ बसवला आणि आवाज आधीपेक्षा वाईट झाला, ही तक्रार वर्षभरात माझ्याकडे तीन वेळा आली. दोन ओळखीच्यांकडून आणि एक थेट आमच्या घरातून.

आमच्याकडे आजोबांनी घेतलेली १९७२ ची फियाट ११०० आहे. बाबा दर रविवारी सकाळी ती बाहेर काढतात, दांडिया बाजारातून सुरसागरला फेरी मारतात आणि येताना फाफडा घेऊन येतात. गाडीतला मीडियम वेव्ह रेडिओ बंद पडला होता. एका वर्कशॉपने जुना डबा आणि बटणं तशीच ठेवून आत एफएम-ब्लूटूथचा नवा बोर्ड बसवून दिला. दिसायला अगदी मूळचा! पण आवाज फाटका, तुटक, आणि इंजिन चालू केलं की मागून डास गुणगुणल्यासारखा सूर. महिनाभरात बाबांनी रेडिओ लावणंच सोडलं. तक्रार केली नाही. आमच्या घरात हे जास्त गंभीर लक्षण असतं.

वर्कशॉपचं निदान तयार होतं: "स्पीकर जुना झाला, मागचं शेल्फ कापून दोन नवे बसवा." धाकट्या भावालाही ते पटलं. बाबा फक्त "बघा काय ते" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० हून जास्त वर्षं झालेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. दोन भोकांनी तो मान जाईलच असं नाही. पण कापलेला पत्रा काही परत उगवत नाही. म्हणून मी एक रविवार मागून घेतला. ऑफिसात आम्ही जे करतो तेच करायचं ठरवलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक निकाल वहीत लिहायचा.

आधी आरोपीची साक्ष

स्पीकरच्या दोन्ही तारा रेडिओपासून सोडवल्या आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला. 'टक्' असा स्वच्छ आवाज आला, कोन पुढे सरकला. मल्टिमीटरवर साडेतीन ओहम, म्हणजे चार ओहमच्या स्पीकरला शोभेल असंच. बोटांनी कोन अलगद दाबला तर खरखर नाही. कागद एका ठिकाणी चिरला होता, तिथे पातळ कागद आणि पांढरा फेव्हिकॉल लावला. स्पीकर जिवंत होता.

खरा गुन्हेगार

जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार रेडिओकडे आणि दुसरी सरळ गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला जोडलेली असायची. आजच्या बोर्डात मात्र प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. त्यातली एकही तार बॉडीला लागता कामा नये. आमच्याकडे नव्या बोर्डाची एक तार जुन्या वायरिंगमधून थेट पत्र्याला गेली होती. बोर्ड स्वतःला वाचवायला आवाज तोडायचा, पुन्हा सुरू करायचा, पुन्हा तोडायचा. आणि तापायचा.

हे तुम्हालाही तपासता येईल. रेडिओ चालू, आवाज शून्य, आणि स्पीकर बोर्डापासून सोडवलेला. मल्टिमीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन बोर्डाच्या स्पीकर-तारांना एकेक करून लावा. दोन्हींवर साधारण सहा व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे दिसले, तर तुमचा बोर्ड याच जातीचा. स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा ओढा. आम्हाला तीन मीटर वायर लागली.

आता आवाज सलग आला, पण जुनी गाणी लावल्यावर गायिका ऐकू यायची आणि मागची सतार गायब. कारण सोपं: बोर्ड स्टिरिओ, स्पीकर एक, जोडलेला फक्त डावा चॅनेल. इथे डाव्या-उजव्या तारा एकमेकींना जोडायचा मोह होतो. जोडू नका, बोर्ड जळेल. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' असतो, तो चालू केला की सगळी वाद्यं दोन्ही चॅनेलवर येतात. सतार परत आली.

डास कुठून येतो?

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा सूर डायनॅमोकडून येतो, बहुतेक वेळा वीजपुरवठ्याच्या तारेतून. आमच्या बोर्डाची वीज इग्निशनच्या जुन्या जोडातून घेतली होती. ती फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घेतली, मधे स्विच ठेवला, आणि अर्थची जागा पत्रा चमकेपर्यंत घासून आवळली. सूर जवळजवळ गेला.

मग राहिली टिक-टिक. ब्लूटूथवर ती नव्हती, फक्त एफएमवर होती. अँटेनाची पिन काढली की बंद. म्हणजे प्लगच्या ठिणग्या अँटेनातून आत शिरत होत्या. अँटेनाच्या बुडाशी गंज होता, तो काढला, आणि रेझिस्टरवाले प्लग-कॅप टाकले. अँटेनाची उंचीही पाहा: १०० मेगाहर्ट्झच्या आसपास पाऊण मीटर पुरतो, पूर्ण उंच करायची गरज नसते.

जुन्या माणसाकडून किती अपेक्षा?

मीडियम वेव्हवर साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज येतो, एफएमवर पंधरापर्यंत. हा स्पीकर पहिल्यासाठी घडवलेला. त्याच्याकडून धडाम बेस मागणं म्हणजे आजोबांना गरब्यात रात्रभर नाचवणं. बास बूस्ट बंद केला आणि एका तारेत २२० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर घातला. चार ओहमवर तो साधारण १८० हर्ट्झच्या खालचं बरंचसं अडवतो. कागद थरथरायचा थांबला आणि बोलणं स्पष्ट झालं.

एकूण खर्च एका सिनेमाच्या तिकिटाइतका. शेल्फ शाबूत.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर तीन गोष्टी करा. काम द्यायच्या आधी जुन्या वायरिंगचे फोटो काढा. रेडिओच्या आतला जुना भाग वर्कशॉपकडून परत मागा, बंद असला तरी. आमचा माळ्यावर एका डब्यात आहे. आणि जे बदललं ते कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. आपण कोडमध्ये कॉमेंट लिहितो ती पुढच्या माणसासाठी. ही गाडी पुढे माझ्या भाचीकडे जाईल, तेव्हा कुठली तार का ओढली हे तिला शोधत बसावं लागू नये.

बाबांनी कागद वाचला, 'नॉन-पोलर' खाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "हे मराठीत काय?" वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा.