पहिला धडा कलम ३५० (क) चा

२६ नोव्हेंबर आला की शाळाशाळांतून संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. २०१५ पासून हा दिवस देशभर संविधान दिन म्हणून पाळला जातो. नागपूर जिल्हा परिषदेने तर २००५ मध्येच आपल्या शाळांत हे वाचन सुरू केले होते. ही प्रथा मोलाची आहे. पण दुसरी-तिसरीतले मूल 'सार्वभौम' आणि 'गणराज्य' हे शब्द पाढ्यांसारखे पाठ करते आणि अर्थ सांगायचा राहून जातो. लहान मुलांना संविधान शिकवायचे तर सुरुवात त्यांच्या रोजच्या आयुष्यातल्या कलमापासून करावी, असे आम्हाला वाटते. आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी मुलासाठी असे कलम शोधत फिरावे लागत नाही.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि पुढे तेलंगणात आला. सीमा कुठूनही आखली असती तरी काही घरे तिच्या पलीकडे राहणारच होती. बेला, जैनथ, तामसी या भागांत आजही घराघरांत मराठी बोलली जाते. अशा भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, यासाठी प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा, असे सांगणारे कलम ३५० (क) त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात आले. तेलंगणा सरकारने छापलेले मराठी माध्यमाचे पुस्तक ज्या मुलाच्या दप्तरात आहे, त्याला एवढेच सांगावे : तुझ्या आईची भाषा तुला शाळेत मिळावी, असे देशाच्या सर्वांत मोठ्या कायद्यात लिहून ठेवले आहे, आणि हे पुस्तक त्यामुळे तुझ्या हातात आहे. आठ वर्षांच्या मुलाला हे नीट कळते.

त्याच वर्गात गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणारे मूलही बसलेले असते. ते कलम त्याचेही आहे. हे सांगितले की समतेचा धडा आपोआप सुरू होतो, कारण 'मग याच्या भाषेतले पुस्तक कुठे आहे?' हा प्रश्न मुलेच विचारतात. तो टाळू नये. या मातीत त्याचे एक जुने उत्तरही आहे. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले आणि गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले गेले. संविधान येण्याच्या कितीतरी आधी इथे मुले आपल्या बोलीत अक्षरे गिरवत होती. दुसऱ्या बाजूने, रोज सकाळी आपण मराठीत म्हणतो ती प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिली गेली, १९६२ मध्ये, नलगोंडा जिल्ह्यातल्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांच्या हातून. सीमेवरच्या मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

पुढचे धडे शाळेच्या आवारातच आहेत. दुपारचे शिजवलेले जेवण सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला मिळावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा आदेश होता; जगण्याच्या हक्काचा अर्थ त्या ताटात दिसतो. सगळी मुले एकाच पंगतीला बसली की अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम वेगळे समजावावे लागत नाही. उटनूर, इंद्रवेल्लीसारख्या पाचव्या अनुसूचीच्या भागात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. चौथी-पाचवीच्या मुलांना एकदा ग्रामसभेला नेऊन मागे बसवावे. निर्णय कसा होतो, कोण बोलते, कोण गप्प राहते, हे त्यांना तिथे दिसेल.

एवढ्या लहान वयात हक्क सांगितले तर मुले उद्धट होतील, अशी शंका काही पालक आणि शिक्षक बोलून दाखवतात. ती प्रामाणिक असली तरी आम्हाला पटत नाही. आपले हक्क ठाऊक असलेल्या मुलाला शेजाऱ्याचे हक्कही त्याच ओळीत शिकवता येतात, आणि कर्तव्याची खरी सुरुवात तिथेच होते. केरळच्या कोल्लम जिल्ह्याने संविधान साक्षरतेची मोहीम आखताना दहा वर्षांवरील सर्वांना तिच्यात धरले होते. अडचण मुलांच्या वयात नसून मोठ्यांच्या वागण्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मारण्याला आणि मानसिक छळाला बंदी आहे. हातात छडी घेऊन व्यक्तीची प्रतिष्ठा शिकवता येत नाही. वर्गाचे नियम मुलांनी मिळून ठरवावेत आणि ते शिक्षकांनीही पाळावेत. पहिली-दुसरीसाठी एवढे संविधान पुरे आहे.

तेलंगणाने २०१८ च्या कायद्याने सर्व शाळांत तेलुगू सक्तीची केली आणि २०२२-२३ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणले. राज्याची भाषा शिकायलाच हवी, इंग्रजीची ओढही समजण्यासारखी आहे. पण या ओघात मराठी माध्यमाच्या तुकड्या शिक्षकाविना ओस पडल्या, तर कलम ३५० (क) मुलांना कोणत्या तोंडाने शिकवायचे? येत्या संविधान दिनाला आदिलाबादच्या शाळांत उद्देशिका तेलुगू, मराठी, गोंडी आणि कोलामी अशा चारही भाषांत वाचली जावी. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेने आणि जिल्हा शिक्षण कार्यालयाने त्याची तयारी आतापासून करावी, आणि मराठी माध्यमाची रिक्त पदे त्याआधी भरावीत.